शिक्का कारकुनाकडे, खोळंबा मंगळावर

ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात शेड्युलिंगचं, म्हणजे प्रोसेसर कोणत्या कामाला कधी द्यायचा याचं, गणित म्हणजे हमखास मार्क. अरायव्हल टाइम (काम कधी आलं) आणि बर्स्ट टाइम (त्याला प्रोसेसर किती वेळ लागेल) दिलेले असतात. कोणतं काम कधी चाललं हे दाखवणारा गँट चार्ट पट्टीने आखायचा, सरासरी वेटिंग टाइम काढायचा, की झालं. पुढच्या युनिटमध्ये सेमाफोर आणि म्युटेक्स, म्हणजे सामाईक गोष्ट वापरताना कामांना आळीपाळीने आत सोडणारी कुलपं, येतात, त्यांचं उत्तर वेगळं पाठ करायचं. या दोन युनिटांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे पेपर काढणाऱ्यालाही क्वचितच आठवतं. गोम नेमकी तिथेच आहे, आणि १९९७ साली ती नासाला मंगळावर भोवली.

४ जुलै १९९७ ला पाथफाइंडर यान मंगळाच्या आरेस व्हॅलिस भागात एअरबॅगांवर उड्या मारत उतरलं. आतून सोजर्नर ही साधारण साडेदहा किलोची सहाचाकी गाडी बाहेर पडली, फोटो यायला लागले, जगभर कौतुक झालं. आणि काही दिवसांतच यानावरचा कॉम्प्युटर आपोआप रीसेट व्हायला लागला. आधी गोळा केलेली माहिती त्यात जात नसे, पण त्या दिवसाचं उरलेलं काम दुसऱ्या दिवसावर ढकलावं लागे. कॉम्प्युटरवर एकदम फार कामं पडताहेत, असं सांगून वर्तमानपत्रं मोकळी झाली.

यानात २० मेगाहर्ट्झचा एकच प्रोसेसर होता आणि त्यावर व्हीएक्सवर्क्स नावाची रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम. रिअल-टाइम म्हणजे वेगवान, असं व्हायवात निम्मे विद्यार्थी सांगतात, ते चूक. काम ठरलेल्या मुदतीत होणारच याची हमी, हा तिचा अर्थ. त्यासाठी प्रत्येक टास्कला, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या एकेका कामाला, प्रायॉरिटी दिलेली असते. वरच्या प्रायॉरिटीचा टास्क तयार झाला, की खालच्याचा प्रोसेसर तिथल्या तिथे, अर्ध्या कामातून काढून घेतला जातो.

पाथफाइंडरमध्ये वेगवेगळी उपकरणं एका सामाईक बसवर, म्हणजे माहितीची ने-आण करणाऱ्या तारांवर, जोडलेली होती आणि या बसचं चक्र सेकंदाला आठ वेळा फिरे. म्हणजे एका चक्राला १२५ मिलिसेकंद. बसवरून आलेली माहिती ज्याची त्याला पोचवणारा एक ‘वाटप’ टास्क होता. त्याचं काम उरकलं असेल अशा बेताने, चक्राच्या शेवटी, पुढच्या चक्राची आखणी करणारा ‘आखणी’ टास्क उठे. दोघांचीही प्रायॉरिटी खूप वरची. हवामानाच्या नोंदी घेणारा टास्क मात्र अगदी तळाला, कारण वाऱ्याची नोंद थोडी उशिरा झाली म्हणून यान काही कोसळत नाही. या दोन टोकांच्या मध्ये इतर बरेच टास्क होते.

वाटप टास्क हवामानाच्या टास्कला माहिती देई ती एका पाइपमधून, म्हणजे एका टास्कने लिहायचं आणि दुसऱ्याने वाचायचं अशा सॉफ्टवेअरमधल्या वाटेने. या पाइपमागे व्हीएक्सवर्क्सचा स्वतःचा एक म्युटेक्स होता: एका वेळी एकानेच आत शिरायचं, दुसऱ्याने बाहेर थांबायचं. आता क्रम बघा. हवामान टास्कने म्युटेक्स घेतला. तो सोडण्याच्या बेतात असतानाच मधल्या प्रायॉरिटीचे टास्क जागे झाले आणि त्याचा प्रोसेसर गेला, म्युटेक्स हातातच राहिला. तेवढ्यात वाटप टास्क उठला, पाइपमध्ये लिहायला गेला आणि दारातच अडकला. हवामान टास्कला हलता येईना, कारण मधले त्याच्या वरचे. त्या मधल्यांना या म्युटेक्सशी काही देणंघेणं नव्हतं, ते आपली कामं करत राहिले. चक्र संपलं. आखणी टास्क उठला, त्याने पाहिलं की वाटप अजून पुरं झालेलं नाही. असं झालं तर काहीतरी गंभीर बिघडलंय असं समजायचं, हे आधीच ठरलेलं होतं. त्याने कॉम्प्युटर रीसेट केला.

सरकारी कचेरीत हे रोज घडतं. साहेबांना शिक्का हवाय, शिक्का सगळ्यात कनिष्ठ कारकुनाच्या खणात, आणि कारकुनाला हेडक्लार्कने भलत्याच कामाला जुंपलंय. हेडक्लार्कने साहेबांची अडवणूक केलेली नाही, तरी साहेब त्याच्यामुळेच खोळंबलेत. याला प्रायॉरिटी इन्व्हर्जन म्हणतात. हा डेडलॉक, म्हणजे एकमेकांची वाट बघत सगळेच कायमचे अडकणं, नव्हे. डेडलॉकच्या चार अटींतली सर्क्युलर वेट, म्हणजे वाट बघणाऱ्यांचं वर्तुळ, इथे नाहीच. मधले टास्क उरकले असते तर काम आपोआप पुढे सरकलं असतं. फक्त मुदत टळून गेलेली असती.

उपाय तेव्हाही नवा नव्हता. लॅम्पसन आणि रेडेल यांनी १९८० मध्येच या अडचणीबद्दल लिहिलं होतं आणि १९९० मध्ये शा, राजकुमार आणि लेहोत्स्की यांच्या निबंधात उपायाची गणिती बाजू नीट मांडलेली होती. वरचा टास्क अडकला, की म्युटेक्स धरून बसलेल्याला तेवढ्यापुरती वरच्याचीच प्रायॉरिटी द्यायची. म्हणजे कारकुनाला साहेबांचं वजन, पण शिक्का हातावेगळा होईपर्यंतच. ही प्रायॉरिटी इनहेरिटन्सची सोय व्हीएक्सवर्क्समध्ये होती. पण तिच्यासाठी थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून या म्युटेक्सपुरती ती मुळातच बंद ठेवलेली होती.

रीसेट उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांतही काही वेळा दिसले होते, पण पुन्हा घडवून आणता येईनात, आणि यान सुखरूप उतरवण्याची चिंता मोठी होती, म्हणून ते मागे पडले. माझ्या मते याबद्दल इंजिनिअरांना फार बोल लावू नये. गंमत अशी, की चाचण्या झाल्या त्या अपेक्षेतल्या सगळ्यात चांगल्या परिस्थितीसाठी. मंगळावर माहिती त्याहूनही वेगाने पाठवता आली, निरीक्षणं वाढली, मधल्या टास्कना काम वाढलं, आणि एरवी क्वचित जुळणारा योग वारंवार जुळायला लागला.

नासाच्या पासाडेना इथल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत यानासारखीच प्रणाली होती. कोणता टास्क कधी उठला, कोणी कोणता सेमाफोर घेतला याची नोंद ठेवणारी ट्रेसिंगची सोय चालू करून इंजिनिअरांनी तिच्यावर तेच काम तासन् तास चालवलं. शेवटी एकदाचा रीसेट झाला, आणि नोंदीत सगळा क्रम उघडा पडला. मग सुमारे १९ कोटी किलोमीटरवरच्या यानाला सॉफ्टवेअरचा बदललेला भाग पाठवला गेला. मुख्य बदल काय, तर बंद असलेला एक पर्याय चालू करणं. अर्थात त्या पर्यायाचा परिणाम सगळ्याच पाइपांवर होणार होता, म्हणून वेग कितपत कमी होईल, आणखी काही बिघडेल का, हे आधी तपासावं लागलं. त्यानंतर हा रीसेट थांबला.

तुमच्या लॅबमधल्या लिनक्सवर पीथ्रेड्सचा (एका प्रोग्रॅममध्ये अनेक कामं एकत्र चालवण्याच्या लायब्ररीचा) साधा म्युटेक्स बनवलात, तर प्रायॉरिटी इनहेरिटन्स आजही आपोआप मिळत नाही. म्युटेक्स बनवण्याआधी त्याचा प्रोटोकॉल, म्हणजे प्रायॉरिटीबाबत त्याने कसं वागायचं ते, तुम्हालाच सांगावा लागतो.