एसएस ४३३: तापलेल्या वायूचे क्ष-किरण की त्वरण मिळालेल्या इलेक्ट्रॉनांचे?

गरुड तारकासमूहात सुमारे १८,००० प्रकाशवर्षांवर असलेल्या एसएस ४३३ या मायक्रोक्वेसारचे (सोबतच्या ताऱ्याचा वायू ओढून त्यातला काही दोन विरुद्ध दिशांना फेकणाऱ्या जोडताऱ्याचे) झोत दोन ठिकाणी क्ष-किरणांत उजळतात: अगदी मुळाशी आणि तिथून जवळपास ९५ प्रकाशवर्षांवर. मधला पट्टा जवळजवळ अंधारा आहे. दोन्हींना ‘झोताचे क्ष-किरण’ म्हणतात आणि गल्लत तिथेच होते. कणांच्या त्वरणाचा, म्हणजे त्यांना प्रचंड ऊर्जा मिळण्याचा, पुरावा फक्त दूरच्या उजेडात आहे.

मुळाशी चमकतो तो कोट्यवधी अंश तापलेला वायू. तो प्रकाशाच्या ०.२६ पट वेगाने धावतो, पण सगळा मिळून, एकाच दिशेने. त्यातल्या एखाद्या कणाला वेगळी प्रचंड ऊर्जा मिळालेली नसते. वर्णपटात (कोणत्या ऊर्जेचे किती किरण, या आलेखात) लोखंडाच्या रेषा, म्हणजे ठराविक ऊर्जेवरचे उंचवटे, स्पष्ट दिसतात. स्थिर वायूत ६.७ केईव्हीला (किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचे एकक) येणारी रेषा आपल्याकडे येणाऱ्या झोतात जास्तीत जास्त ७.४च्या आसपास, तर दूर जाणाऱ्यात ५.७पर्यंत सरकते. झोतांचा अक्ष सुमारे १६२ दिवसांत एक फेरी घेतो, त्यामुळे या रेषाही ठरल्या वेळापत्रकाने सरकत राहतात. वायू पसरला की थंडावतो आणि उजेड मावळतो.

दूरचा उजेड डब्ल्यू ५० या तेजोमेघाच्या पूर्व आणि पश्चिम भागांत आहे. पूर्वेचा उजळ भाग एसएस ४३३पासून साधारण १८ कलांवर (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) सुरू होतो. तिथे रेषा नाहीत. न्यूस्टार आणि एक्सएमएम-न्यूटन या क्ष-किरण अवकाश दुर्बिणींच्या निरीक्षणांत तिथला वर्णपट ३० केईव्हीपर्यंत सरळ घातनियम पाळतो (ऊर्जा वाढेल तशी फोटॉनांची, म्हणजे प्रकाशकणांची, संख्या ऊर्जेच्या ठराविक घाताने घटते); तो घात, म्हणजे फोटॉन घातांक, सुमारे १.६. हे सिंक्रोट्रॉन प्रारण: चुंबकीय क्षेत्रात वळणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे. क्षेत्र १६ मायक्रोगॉस धरले, तर १० केईव्हीच्या फोटॉनसाठी इलेक्ट्रॉनाकडे १०० टीईव्हीच्या (एक टीईव्ही म्हणजे एक अब्ज केईव्ही) घरात ऊर्जा लागते. असा इलेक्ट्रॉन साधारण ५०० वर्षांत ती गमावतो. मुळाशीच त्वरण होऊन हे इलेक्ट्रॉन वाहत आले असते, तर मधला पट्टा असा काळोखा राहिला नसता. म्हणजे त्वरण तिथेच, त्या जागी होते.

प्रत्यक्ष विश्लेषणात फसगत कुठे होते? फक्त ०.५ ते १० केईव्हीचा पट्टा घेतला आणि फोटॉन कमी असले, तर जड मूलद्रव्ये कमी असलेला खूप तापलेला वायू आणि घातनियम, दोन्ही प्रारूपे आकड्यांत सारखीच बसतात. दोघांतला फरक वर दिसतो: औष्णिक, म्हणजे तापलेल्या वायूचा, वर्णपट तापमानाच्या पुढे घातांकीय वेगाने कोसळतो, घातनियम चालू राहतो. म्हणून १० केईव्हीच्या वरची मोजणी टाळून चालत नाही. खालच्या बाजूला वाटेतल्या हायड्रोजनचे शोषण आडवे येते. ते मनाने ठरवले की घातांकही त्यासोबत हलतो.

दुसरी अडचण आरशांची. नियमित प्रतिमेसाठी फोटॉन दुर्बिणीत दोनदा परावर्तित व्हावा लागतो, पण दृष्टिक्षेत्राबाहेरच्या प्रखर स्रोताचे काही फोटॉन एकदाच आपटून शोधकावर पोचतात. इथे तो प्रखर स्रोत म्हणजे खुद्द एसएस ४३३, तोही अर्ध्या अंशाच्या आत. ही भेसळ न काढता पाहिले, तर दूरच्या भागात लोखंडाची रेषा ‘सापडते’. तिची ऊर्जा १६२ दिवसांच्या फेरीतल्या त्या तारखेच्या स्थितीशी जुळत असेल, तर ती मुळाकडून आलेली, चोरटी आहे असे खुशाल समजावे. पार्श्वभूमीही त्याच शोधकावरच्या, मध्यापासून तितक्याच अंतराच्या पट्ट्यातून घेतलेली बरी.

दूरचे सगळेच काही सिंक्रोट्रॉन नाही. पूर्वेला आणखी पुढे गेले की वर्णपट मऊ होतो (जास्त ऊर्जेचे फोटॉन कमी पडतात) आणि त्यात औष्णिक वाटा मिसळतो, म्हणून अख्खा पूर्व भाग एकाच चौकटीत घेऊन घातांक काढणे चुकीचेच.

तापलेला वायू की इलेक्ट्रॉन, हा वाद ध्रुवीभवनाने (किरणांची कंपने एका ठराविक दिशेत असण्याने) बराच मिटवला. औष्णिक वायूच्या क्ष-किरणांत ते नसल्यातच जमा. आयएक्सपीई या क्ष-किरणांचे ध्रुवीभवन मोजणाऱ्या उपग्रहाने पूर्व भागात ते मोजले आणि चुंबकीय क्षेत्र झोताला समांतर निघाले. हेस या गॅमा किरण टिपणाऱ्या दुर्बिणींच्या २०२४ सालच्या निष्कर्षांतही १० टीईव्हीवरचे गॅमा किरण बाहेरच्या झोताच्या सुरुवातीलाच एकवटलेले आहेत, कमी ऊर्जेचे पुढे सरकलेले.