व्हॅन हेल्सिंग (चित्रपट, २००४)

व्हॅन हेल्सिंग : साहसदृश्यांनी भरलेला अमेरिकन भयपट. युनिव्हर्सल पिक्चर्सने तो ७ मे २००४ रोजी अमेरिकेत प्रदर्शित केला. लेखन व दिग्दर्शन स्टीफन सॉमर्स यांचे असून प्रमुख भूमिका ह्यू जॅकमन (गॅब्रिएल व्हॅन हेल्सिंग), केट बेकिन्सेल (ॲना व्हॅलेरियस), रिचर्ड रॉक्सबर्ग (ड्रॅक्युला), डेव्हिड वेनम (फ्रायर कार्ल), शूलर हेन्सली (फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस) आणि विल केम्प (ॲनाचा भाऊ व्हेल्कन) यांच्या आहेत. ड्रॅक्युला, फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस आणि लांडगामाणूस या युनिव्हर्सलच्या तिन्ही जुन्या भयमूर्ती एकाच कथानकात आणून त्यांना एकविसाव्या शतकाच्या आरंभीच्या संगणकीय दृश्यपरिणामांची जोड देणे, हे या निर्मितीचे सूत्र होते.

कथानक : आरंभीचा भाग कृष्णधवल असून तो १८८७ मधील ट्रान्सिल्व्हेनियात घडतो. ड्रॅक्युलाच्या आश्रयाने चाललेला फ्रँकेन्स्टाइनचा प्रयोग, चिडलेला जमाव आणि जळणारी पवनचक्की असा हा भाग आहे. वर्षभराने व्हॅटिकनमधील एक गुप्त संघटना आपला शिकारी व्हॅन हेल्सिंग याला तिकडे धाडते. ड्रॅक्युलाला संपवण्याच्या, नऊ पिढ्यांपूर्वीच्या पूर्वजाने घेतलेल्या शपथेत अडकलेल्या व्हॅलेरियस घराण्याची ॲना ही शेवटची वारस. ड्रॅक्युलाला आपल्या मृत संततीत प्राण फुंकायचे असतात आणि त्यासाठी फ्रँकेन्स्टाइनचे यंत्र व त्याचा राक्षस हवा असतो. त्याला मारू शकतो तो फक्त लांडगामाणूस. व्हॅन हेल्सिंगलाच लांडग्याचा दंश होतो आणि पुढचे सारे या योगायोगावर उभे राहते.

पूर्वपरंपरा : या चित्रपटाचा संबंध सामान्यतः युनिव्हर्सलच्या १९३१ मधील दोन बोलपटांशी जोडला जातो. टॉड ब्राउनिंग यांचा ‘ड्रॅक्युला’ (बेला लुगोसी) आणि जेम्स व्हेल यांचा ‘फ्रँकेन्स्टाइन’ (बोरिस कार्लोफ) हे ते दोन होत. आरंभीची पवनचक्की ही दुसऱ्या चित्रपटाच्या शेवटाला दिलेली उघड सलामी आहे. मात्र रचनेच्या दृष्टीने त्याचे खरे पूर्वज १९४० च्या दशकातील अनेक राक्षस एकत्र आणणारे चित्रपट मानणे अधिक योग्य. ‘फ्रँकेन्स्टाइन मीट्स द वुल्फ मॅन’ (१९४३) पासून ही प्रथा सुरू झाली. ‘हाउस ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ (१९४४) व ‘हाउस ऑफ ड्रॅक्युला’ (१९४५) यांत तिघेही आहेत, पण पहिल्यात ड्रॅक्युला सुरुवातीच्या प्रकरणातच संपतो व बाकीच्या दोघांशी त्याची गाठही पडत नाही. तिघांचे हेतू एकाच कथेत खऱ्या अर्थाने गुंफले गेले ते ‘ॲबट अँड कॉस्टेलो मीट फ्रँकेन्स्टाइन’ (१९४८) या विनोदी चित्रपटात. त्यात ड्रॅक्युलाला राक्षस पुन्हा कामाला लावायचा असतो, लांडगामाणूस त्याच्या आड येतो, मध्ये मुखवट्यांचा नृत्यसमारंभ होतो आणि अखेरीस लांडगामाणूस वटवाघळाच्या रूपातल्या ड्रॅक्युलावर झेप घेतो. हे चारही घटक २००४ च्या चित्रपटात आहेत. एवढे साम्य योगायोगाने येणे अवघड. निदान सॉमर्स यांच्या चित्रपटाचा सूर ब्राउनिंगपेक्षा या विनोदी चित्रपटाला जवळचा आहे.

राक्षसाच्या चित्रणात मात्र मेरी शेली यांच्या मूळ कादंबरीकडे (१८१८) वळलेले दिसते. १९३१ चा राक्षस मुका होता आणि ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ (१९३५) मध्ये तो मोजके शब्द शिकला. येथे तो सुसंबद्ध बोलतो, दुःख व्यक्त करतो आणि शेवटी तराफ्यावरून समुद्रात निघून जातो. कादंबरीच्या अखेरीस तो हिमखंडावरून दूर जातो, त्याची ही छाया असावी. साहाय्यक इगोर (केव्हिन जे. ओकॉनर) ना कादंबरीत आहे, ना १९३१ च्या चित्रपटात, तेथील कुबड्या साहाय्यकाचे नाव फ्रिट्झ. ‘सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ (१९३९) मध्ये लुगोसींनी साकारलेला इगोर हा फाशीतून वाचलेला, मान मोडलेला लोहार आहे. दोन्ही पात्रे लोकस्मृतीत पुढे एक झाली.

व्हॅन हेल्सिंग हे पात्र : ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’ (१८९७) मध्ये अब्राहम व्हॅन हेल्सिंग हा ॲम्स्टरडॅमचा वयस्कर डॉक्टर व प्राध्यापक आहे. अब्राहम हे स्टोकर यांचे व त्यांच्या वडिलांचेही नाव. या पात्रामागे कोण असावे याविषयी मतभेद आहेत. हंगेरियन प्राच्यविद्यापंडित आर्मिनियस व्हांबेरी यांचे नाव अनेकदा पुढे येते, कारण कादंबरीत बुडापेस्टच्या ‘आर्मिनियस’ नामक मित्राचा उल्लेख आहे. परंतु तेथे तो व्हॅन हेल्सिंगचा माहितगार म्हणून येतो, प्रतिरूप म्हणून नव्हे. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया तेरेसा हिचा वैद्य गेरार्ड व्हान स्वीटन याने १७५५ मध्ये पिशाचांविषयीच्या अफवांचा समाचार घेतला होता. त्याचे डच मूळ व वैद्यकी पाहता हा तर्क अधिक पटतो, तरी तोही तर्कच. पडद्यावर एडवर्ड व्हॅन स्लोन (१९३१) आणि पीटर कुशिंग (१९५८) यांनी हा विद्वान रंगवला. सॉमर्स यांनी नाव व वय बदलून त्याला स्मृती हरवलेला तरुण योद्धा केले. हातात ग्रंथाऐवजी वायूच्या दाबावर भराभर बाण सोडणारे धनुष्य आले. विद्वत्ता कार्लच्या वाट्याला गेली.

कालगणना : चित्रपटातील ड्रॅक्युलाचे नाव व्लादिस्लाउस ड्रॅगुलिया असून त्याचा जन्म १४२२ मध्ये व खून १४६२ मध्ये झाल्याचे सांगितले आहे. वालाकियाचा (आजच्या रुमानियातील प्रदेश) राजा तिसरा व्लाड याच्याकडे हा निर्देश आहे हे उघड आहे, पण वर्षे जुळत नाहीत. त्याचा जन्म सामान्यतः १४२८ ते १४३१ च्या दरम्यान धरतात. १४६२ मध्ये ऑटोमन सुलतान दुसऱ्या मेहमदच्या स्वारीनंतर त्याने गादी गमावली आणि तो हंगेरीत बंदिवान झाला. मृत्यू १४७६ च्या अखेरीस किंवा १४७७ च्या आरंभी. स्टोकर यांना हे कितपत ठाऊक होते? इतिहासकार रादू फ्लोरेस्कू व रेमंड मॅकनॅली यांनी १९७२ मध्ये कादंबरीतील काउंट ड्रॅक्युला आणि व्लाड एकच असल्याची कल्पना लोकप्रिय केली. ‘ड्रॅक्युला’च्या अभ्यासक एलिझाबेथ मिलर यांनी स्टोकर यांच्या टिपणांच्या आधारे तिला आक्षेप घेतला. विल्यम विल्किन्सन यांच्या १८२० च्या ग्रंथातून स्टोकर यांनी नाव आणि त्यासोबतची त्रोटक माहिती एवढेच उचलले, असे त्या म्हणतात. टिपणांचा पुरावा मिलर यांच्या बाजूने आहे. लोकप्रिय चित्रपटांनी मात्र पहिलेच मत उचलले आहे आणि हा चित्रपटही त्याला अपवाद नाही.

राक्षसांचे नियम : या कथेतील बरेच संकेत लोककथांतून नव्हे तर चित्रपटांतून आले आहेत. स्टोकर यांचा ड्रॅक्युला दिवसा हिंडू शकतो, फक्त त्याची शक्ती घटते. सूर्यप्रकाश प्राणघातक ठरला तो मुर्नाउ यांच्या ‘नोस्फेरातू’ (१९२२) या मूकपटापासून. ‘द वुल्फ मॅन’ (१९४१) मधील पटकथाकार कर्ट सिओडमॅक यांच्या पद्यात शरदातला चंद्र आहे, पौर्णिमा नाही. ती १९४३ च्या चित्रपटात त्या पद्यात बदल करून घातली गेली. चांदीची मूठ असलेल्या काठीने मृत्यू १९४१ चा, चांदीची गोळी १९४४ ची. सॉमर्स यांनी त्यात भर घातली : पहिल्या पौर्णिमेच्या मध्यरात्रीचा शेवटचा ठोका पडेपर्यंत दंशावर उतारा चालतो आणि चंद्र ढगाआड गेला की माणूस मूळ रूपात येतो. ड्रॅक्युलावर खुंट व क्रूस दोन्ही निष्प्रभ ठरतात.

कृष्णधवल भागानंतर पॅरिसच्या नोत्र दाममध्ये दिसणारा हाइड (आवाज रॉबी कोल्ट्रेन) हा धिप्पाड आहे. स्टीव्हन्सन यांच्या १८८६ च्या कथेत हाइड हे डॉ. जेकिलचेच दुसरे, दुष्ट रूप असून तो जेकिलपेक्षा ठेंगणा आहे.

निर्मिती : चित्रीकरणाचा मोठा भाग चेक प्रजासत्ताकात झाला. बुडापेस्टमधील म्हणून दाखवलेला नृत्यसमारंभ प्रत्यक्षात प्राग येथील माला स्ट्राना भागातील सेंट निकोलस चर्चमध्ये चित्रित झाला. छायालेखन ॲलन डेव्हिओ (हा त्यांचा अखेरचा कथापट), संगीत ॲलन सिल्व्हेस्ट्री, दृश्यपरिणाम मुख्यतः इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक. १९४१ मध्ये जॅक पिअर्स यांनी लॉन चेनी (कनिष्ठ) यांच्या चेहऱ्यावर याकचे केस चिकटवून लांडगामाणूस उभा केला होता. येथे माणूस स्वतःची कातडी फाडून लांडगा होतो आणि हे सारे संगणकावर घडते. दृश्य चटका देणारे आहे, पण केसाळ मेकअपखालून डोकावणारी चेनी यांची केविलवाणी नजर त्यात नाही.

प्रतिसाद : खर्च सु. १६ ते १७ कोटी डॉलर, तर जगभरातील तिकीटविक्री सु. ३० कोटी डॉलर, त्यातील सु. १२ कोटी अमेरिका व कॅनडातील. बहुसंख्य समीक्षकांनी दृश्यपरिणामांच्या भडिमाराला नापसंती दर्शवली. रॉजर ईबर्ट यांनी मात्र तीन तारे दिले. सॉमर्स यांच्याच ‘द ममी’ (१९९९) इतके यश न मिळाल्याने पुढचा भाग निघाला नाही. चित्रपटाच्या आगेमागे ‘द लंडन असाइनमेंट’ हा पूर्वकथा सांगणारा लघु ॲनिमेशनपट व एक व्हिडिओ गेम आला. त्याच वर्षी युनिव्हर्सलने जुन्या ‘ड्रॅक्युला’, ‘फ्रँकेन्स्टाइन’ व ‘वुल्फ मॅन’ मालिकांचे डीव्हीडी संच काढले. ‘द ममी’ (२०१७) च्या निमित्ताने संस्थेने ‘डार्क युनिव्हर्स’ नावाची सामाईक मालिका घोषित केली, ती पहिल्याच चित्रपटानंतर बारगळली.