चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर सार्वजनिक आरोग्याची मास्टर्स : अर्जाआधी कामाचे तास मोजा

ब्रिटनमध्ये सार्वजनिक आरोग्याची एक वर्षाची मास्टर्स करायची तर पहिली अडचण पैशांची. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती फी, दरमहाचा निर्वाह भत्ता, विमानभाडं आणि व्हिसाचा खर्च उचलते. १९८३ पासून चालू असलेल्या या योजनेत कमाल वयाची अट नाही. जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही, म्हणजे तहसील कचेरीची फेरी वाचली.

बहुतेक जण अडकतात ते अनुभवाच्या अटीत. अर्ज करताना पदवी हातात हवी आणि कामाचे २,८०० तास भरलेले हवेत. हिशोब असा : आठवड्याला ३५ तास, वर्षाचे ४० आठवडे, अशी दोन वर्षं. अर्धवेळ नोकरी आणि संस्थेतलं विनामोबदला काम दोन्ही धरतात. पण पदवीसाठी सक्तीचं असलेलं काम धरत नाहीत. त्यामुळे एमबीबीएस, बीडीएस किंवा बीएएमएसची इंटर्नशिप आणि एमएसडब्ल्यूचं फील्डवर्क बाद. पदवी मिळाल्या मिळाल्या अर्ज भरायला बसणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

अर्ज ऑनलाइन असतो. साधारण ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि शरद ऋतूत बंद होतो. नेमकी तारीख त्या वर्षीच्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहा. अभ्यासक्रम पूर्णवेळ आणि ब्रिटनमध्ये राहून करायचा असावा, दूरशिक्षण चालत नाही. विद्यापीठाचा अर्ज मात्र वेगळा भरावा लागतो. ‘लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन’सारख्या ठिकाणी तो चेव्हनिंगच्या निकालाची वाट न पाहता करून टाका, कारण जुलैपर्यंत विद्यापीठाचं विनाअट प्रवेश देऊ केल्याचं पत्र (अनकंडिशनल ऑफर) दाखवावं लागतं. इंग्रजीच्या परीक्षेचे गुण विद्यापीठ मागतं, तेव्हा ती परीक्षाही वेळेत द्या.

कागदपत्रं मोजकीच : पासपोर्ट, पदवी प्रमाणपत्र, गुणपत्रिका आणि मुलाखतीला निवड झाल्यास दोन शिफारसपत्रं. ती नातेवाइकांची चालत नाहीत. तुमचं काम जवळून पाहिलेल्या तालुका आरोग्य अधिकाऱ्याचं पत्र, नावाजलेल्या पण तुम्हाला जेमतेम ओळखणाऱ्या डॉक्टरांच्या पत्रापेक्षा माझ्या मते कधीही चांगलं.

खरा कस लागतो निबंधांत. नेतृत्व, माणसं जोडणं, ब्रिटनमध्येच का शिकायचं आणि पुढचा करिअरचा आराखडा हे विषय त्यात येतात. शेवटच्या विषयात ‘ग्रामीण आरोग्यासाठी काम करायचं आहे’ एवढंच लिहून भागत नाही. गडचिरोलीतल्या हिवतापावर काम करायचं असेल तर आज तिथे तुमचा वाटा काय, रोगप्रसारशास्त्रातलं किंवा आरोग्य अर्थशास्त्रातलं नेमकं काय शिकायचं आहे आणि परतल्यावर कोणत्या पदावरून ते वापरणार, हे लिहा. आशाताईंच्या भेटींची नोंद कुठे अडते हे ज्याने पाहिलंय, त्याला इथे शब्द शोधावे लागत नाहीत. शिक्षण संपल्यावर मायदेशी परतून दोन वर्षं राहणं बंधनकारक आहे. तेव्हा मास्टर्सनंतर थेट जिनिव्हाच्या जागतिक आरोग्य संघटनेतल्या नोकरीची स्वप्नं रंगवलीत तर तुमचा आराखडा याच अटीला छेद देईल.

निवड झाल्यावर व्हिसासाठी भारतीय अर्जदारांना क्षयरोगाची तपासणी करावी लागते, अगदी क्षयरोग कार्यक्रमात काम करणाऱ्यांनाही. ती मान्यताप्राप्त केंद्रातच करा. प्रमाणपत्र सहा महिनेच चालतं, त्यामुळे फार आधी उरकू नका.