विनापासवर्डचं शेअर फोल्डर: उघडं कधी झालं, बंद का झालं

सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याचा फोन आला. "भाऊ, काट्याच्या पावत्यांचं फोल्डर काल उघडत होतं, नव्या मशीनवर उघडतच नाही." पडद्यावर संदेश होता की तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे गेस्टला, म्हणजे पासवर्डाशिवाय येणाऱ्या पाहुण्याला, प्रवेश नाही. त्यांचा प्रश्न रास्त होता: तीन मशीनच्या ऑफिसात संस्था कोणती आणि धोरण कोणी ठरवलं?

याचं मूळ बरंच मागे आहे. एसएमबी ही फाइल शेअरिंगची पद्धत १९८०च्या दशकात आयबीएममध्ये बॅरी फायगेनबाउम यांनी घडवली. विंडोज ९५-९८च्या साध्या शेअरिंगमध्ये कुलूप फोल्डरला असायचं, माणसाला नाही. पासवर्ड ठेवला नाही तर सगळ्यांना मोकळं. २००१च्या एक्सपीने 'सिंपल फाइल शेअरिंग' आणलं, त्यात नेटवर्कवरून येणारा प्रत्येक जण गेस्टच. होम आवृत्तीत तर दुसरा पर्यायच नव्हता. जळगावच्या डाळमिलपासून अमळनेरच्या अडतीपर्यंत मी पाहिलेली बहुतेक ऑफिसं याच सवयीवर उभी राहिली. लिनक्ससारख्या मशीनवरून विंडोजशी फाइल शेअर करणाऱ्या, अँड्र्यू ट्रिजेल यांनी सुरू केलेल्या सांबा या सॉफ्टवेअरमध्येही 'मॅप टू गेस्ट' आहे: 'बॅड यूजर' लिहिलं की अनोळखी नाव गेस्ट म्हणून आत येतं.

अडचण अशी की गेस्टला पासवर्ड नाही, म्हणून त्या पासवर्डातून तयार होणारी किल्लीही नाही. ती नसली की नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या पाकिटांवर (पॅकेट) डिजिटल सही होत नाही आणि मजकूर एन्क्रिप्टही, म्हणजे कुलूपबंदही, होत नाही. समोरचा सर्व्हर खरा की तोतया, हे मशीनला कळायला मार्ग उरत नाही. म्हणून २०१७च्या शरदात, विंडोज १०च्या १७०९ अपडेटमध्ये, मायक्रोसॉफ्टने एंटरप्राइझ आणि एज्युकेशन आवृत्त्यांत हे दार लावलं. त्याच वर्षीच्या मे महिन्यातलं वॉनाक्राय हे खंडणीखोर व्हायरस याच्याशी जोडलं जातं, पण ते एसएमबीच्या जुन्या, पहिल्या आवृत्तीतल्या चुकीतून पसरलं. ती गोष्ट वेगळी. २०२४च्या विंडोज ११, २४एच२मध्ये प्रो आवृत्तीचीही पाळी आली, शिवाय सही सक्तीची झाली. सावद्याला आलेलं मशीन तेच होतं.

रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, 'अलाउ इन्सिक्युअर गेस्ट ऑथ'ची किंमत १ करा (गेस्टला पुन्हा आत घ्या), सही बंद करा, असा उपाय सर्रास सांगितला जातो. मी तो केला नाही. पावत्यांवर शेतकऱ्यांचं वजन आणि भाव असतो. जुन्या मशीनवर 'काटा' आणि 'हिशोब' अशी दोन खाती काढली, दोघांना वेगळे पासवर्ड दिले आणि नव्या मशीनवर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये ते साठवले. काटा लिहितो, हिशोब फक्त वाचतो. वीस मिनिटांचं काम होतं.