निधीवाटप (मुंबई)

निधीवाटप म्हणजे बजेटमधला पैसा कुठल्या कामाला, कुठल्या भागाला जाणार ते ठरवणं. ही झाली पुस्तकी व्याख्या, मुंबईत मात्र हा शब्द निघाला की समोरचा आधी विचारतो, कोणाला मिळाला आणि कोणाचा कापला?

महापालिकेचं बजेट 1888 च्या कायद्याप्रमाणे चालतं, आयुक्त फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ते स्थायी समितीला देतात, समिती त्यात फेरफार करते, मग ते सभागृहात येतं. 2025-26 चं बजेट 74,427 कोटींचं होतं, पण एवढ्या मोठ्या आकड्यावरून कोणी भांडत नाही. खरी झोंबाझोंबी फेरफारातल्या काहीशे कोटींवर, कारण तेच पक्षांत वाटले जातात, सत्ताधाऱ्यांचं ताट भरलेलं, विरोधकांचा सभात्याग, आणि निषेध म्हणून आपला वाटा परत केल्याचं ऐकिवात नाही.

227 वॉर्डांत या पैशाचं काय होतं ते गल्लीत दिसतं. चाळीच्या तोंडाशी चांगले पेव्हर ब्लॉक उखडून पुन्हा पेव्हर ब्लॉकच बसवतात, तेही मार्च एंडला, कारण निधी लॅप्स होईल, आणि काम संपायच्या आधी 'यांच्या निधीतून' असा बोर्ड लागतो, त्यावर नाव कामापेक्षा मोठं. गटाराच्या आतल्या पाइपवर बोर्ड लावता येत नाही, म्हणून त्याला वाली कमी. एकाच कामाचा नारळ दोन पक्षांनी दोनदा फोडणं, म्हणजे श्रेयवाद, हा यातलाच प्रकार.

मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, प्रशासक आले, नगरसेवकच नाहीत तर भांडण कसलं असं वाटेल, पण ते आमदारांकडे सरकलं. पालिकेचा पैसा पालकमंत्र्यांच्या शिफारशीने आणि तोही सत्ताधारी आमदारांनाच मिळतो, अशी तक्रार विरोधी आमदार करत राहिले.

पालिका आणि राज्य यांच्यातली ओढाताण वेगळीच. जीएसटीमुळे जुलै 2017 मध्ये जकात बंद झाली, पालिकेचं हक्काचं मोठं उत्पन्न गेलं आणि भरपाईसाठी राज्याकडे बघणं आलं. पहिला 647 कोटींचा चेक द्यायला अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार पालिकेत आले तेव्हा शिवसेना आणि भाजपने एकमेकांविरुद्ध घोषणा दिल्या, आणि हे दोघं तेव्हा राज्यात एकत्र सत्तेत होते बरं का!

मंत्रालयातही तेच. जून 2022 च्या बंडात एकनाथ शिंदेंसोबत गेलेल्या आमदारांचं एक गाऱ्हाणं असं की अर्थमंत्री अजित पवार राष्ट्रवादीला निधी देतात, आम्हाला नाही. वर्षभरात, जुलै 2023 मध्ये, तेच अजित पवार शिंदेंच्याच सरकारात आले आणि अर्थखातंही त्यांच्याकडेच गेलं. पुढे लाडकी बहीण योजनेचे महिना 1,500 रुपये सुरू झाल्यावर इतर खात्यांचा पैसा तिकडे वळायला लागला, 2025 मध्ये सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी आपल्या खात्याचा निधी वळवल्याबद्दल उघड नाराजी बोलून दाखवली, म्हणजे मंत्रीच सरकारवर नाराज.

यातली सगळ्यात कमी दिसणारी युक्ती म्हणजे टोकन तरतूद. आमदाराने फारच धरून बसल्यावर कामापुढे हजार रुपये टाकतात. हजारात रस्ता होत नाही, पण बजेटच्या पुस्तकात कामाचं नाव येतं, तेवढ्यावर मतदारसंघात 'मंजूर' असा बॅनर लागतो, आणि खरे पैसे पुढच्या पुरवणी मागण्यांत, म्हणजे बजेटनंतर मागितल्या जाणाऱ्या जादा पैशांत, बघू म्हणतात.