युरोपात वाइन पाठवताय? आधी बाटलीवरचं लेबल तपासा

८ डिसेंबर २०२३ पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या वाइनवर घटकांची यादी आणि पोषणमूल्यं देणं बंधनकारक आहे. बाहेरून आलेल्या वाइनलाही हाच नियम, म्हणजे नाशिकच्या वायनरीलाही सुटका नाही.

सूट कोणाला? त्या तारखेआधी ‘तयार’ झालेल्या वाइनला, साठा संपेपर्यंत. बाटली कधी भरली हे इथे पाहत नाहीत. आपल्याकडे तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते, त्यामुळे २०२३ च्या साध्या वाइन बहुतेक सुटतात. स्पार्कलिंगचं, म्हणजे बुडबुडेवाल्या वाइनचं, तसं नाही. तिचं दुसरं किण्वन (बुडबुडे आणणारी आंबवण) पूर्ण झाल्यावरच ती तयार धरतात, मग द्राक्षं २०२२ ची का असेनात.

सगळी माहिती कागदावर मावत नसेल तर क्यूआर कोड चालतो. पण ॲलर्जीकारक घटक (मुख्यतः सल्फाइट) आणि १०० मिलीमागची ऊर्जा बाटलीवरच छापावी लागते. कोड उघडल्यावर जाहिरात दिसता कामा नये, ग्राहकाची माहितीही गोळा करता येत नाही. त्यामुळे कंपनीच्या नेहमीच्या वेबसाइटची लिंक तिथे देऊ नका. कोडशेजारी नुसतं ‘आय’ अक्षर पुरेसं नाही, ‘घटक’ या अर्थाचा शब्द हवा, असा खुलासा युरोपीय आयोगाने मुदतीच्या जेमतेम दोन आठवडे आधी केला. तोवर अनेकांची लेबलं छापून झाली होती!

अल्कोहोलचं प्रमाण पूर्ण किंवा अर्ध्या टक्क्यात लिहायचं: १२.५ चालेल, १२.७ नाही. ७५० मिलीच्या बाटलीवर हे आकडे किमान ३ मिमी उंच हवेत. द्राक्षाची एकच जात किंवा वर्ष लिहायचं तर किमान ८५ टक्के द्राक्षं त्याच जातीची, त्याच वर्षाची लागतात.

मालासोबत लागतं ते व्ही-आय-१, म्हणजे युरोपीय संघात वाइन आयात करण्यासाठीचं प्रमाणपत्र, आणि त्यातला प्रयोगशाळेचा अहवाल: अल्कोहोल, एकूण आम्लता, बाष्पशील आम्लता, सल्फर डायऑक्साइड वगैरे. लेबल लावलेल्या, एकदाच उघडता येणाऱ्या झाकणाच्या छोट्या बाटल्यांचा एकूण १०० लिटरपर्यंतचा माल असेल तर यातून सूट आहे. नमुने पाठवणाऱ्यांना ही मोठीच सोय.

‘नाशिक व्हॅली’ला भारतात जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, पण त्यामुळे युरोपात आपोआप संरक्षण मिळत नाही. त्यासाठी उत्पादकांच्या गटाने वेगळा अर्ज करायचा, थेट आयोगाकडे किंवा आपल्या सरकारमार्फत. कॅलिफोर्नियाच्या नापा व्हॅलीने २००७ मध्ये अशीच नोंदणी मिळवली. अर्जात क्षेत्राची हद्द, द्राक्षाच्या जाती, हेक्टरी कमाल उत्पादन हे सगळं येतं. खरी मेहनत मात्र माती-हवामानाचा वाइनच्या गुणांशी असलेला संबंध दाखवण्यात जाते.