साखर एकदा लागली की जन्मभर गोळ्याच?

बेळगाव-खानापूर भागात ‘एकदा लागलेली साखर जन्मभर सुटत नाही’ असे सर्रास म्हटले जाते. टाइप २ मधुमेहाबाबत ते पूर्ण खरे नाही. ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ अभ्यासात, निदानाला ६ वर्षांहून अधिक काळ न झालेल्या, इन्सुलिन न घेणाऱ्या आणि काही महिने अत्यल्प उष्मांकांचा आहार घेतलेल्या रुग्णांपैकी ४६ टक्क्यांची साखर वर्षभराने औषधांविना आटोक्यात होती. १५ किलो किंवा अधिक वजन उतरवलेल्यांत हे प्रमाण ८६ टक्के होते. औषध थांबवल्यावर किमान ३ महिने एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) ६.५ टक्क्यांखाली राहिले, तरच त्याला रेमिशन, म्हणजे मधुमेह शमणे, म्हणतात. वजन परतले की बहुधा साखरही परतते; म्हणूनच लग्नघरी कुंद्याची वाटी पुढे करून ‘गेली की आता साखर, घ्या’ असा होणारा आग्रह मला फार खटकतो. गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी कराव्यात आणि डोळ्यांची तपासणी नंतरही चालू ठेवावी.